म्यानमारच्या निर्वासितांसाठी बडोद्यात सभा घ्यायची, तर ती कोणासाठी?

रावपुरावासी
म्यानमारच्या निर्वासितांसाठी सभा घ्यायचं आपल्या गटात ठरलं आणि पत्रकाच्या मसुद्यावरच दोन तट पडले. काहींचं म्हणणं, मिझोराममध्ये आलेल्या, म्यानमारच्या चिन जमातीच्या लोकांपुरतंच बोलू. रोहिंग्या मुसलमानांचं नाव घेतलं तर सभेला कोणी फिरकणार नाही. मला हे अजिबात पटत नाही. १ फेब्रुवारी २०२१ला लष्कराने सत्ता बळकावल्यापासून तीस हजारांहून जास्त माणसं सीमा ओलांडून मिझोराममध्ये आली. त्याच लष्कराने ऑगस्ट २०१७पासून सात लाखांवर रोहिंग्यांना म्यानमारच्या राखाइन प्रांतातून बांगलादेशात पिटाळलं. मारणारा एकच, मग मार खाणाऱ्यांत आपण डावंउजवं कसं करायचं?

नर्मदाकाठ
डावंउजवं आपण आधीच केलंय. मणिपुरात ३ मे २०२३ला हिंसाचार उसळला, साठ हजारांच्या आसपास माणसं घराबाहेर पडली. आपल्याच देशातली. त्यांच्यासाठी आपण एक तरी सभा घेतली? आणि इथे डभोई तालुक्यात सरदार सरोवराच्या विस्थापितांच्या वसाहती आहेत, तिथे जमिनीच्या कागदांसाठी लोक अजून खेटे घालतात. मी त्या कामात आहे, म्हणून बोलते. हातात माणसं मोजकी असताना परदेशाचा विषय घेणं मला सोयीचं वाटतं. तिथे ठराव केला की काम संपतं. इथे तलाठ्यासमोर बसावं लागतं.

मांडवीकर
ताईंशी मी अर्धा सहमत. चिन लोकांसाठी मात्र काहीतरी करता येईल. मिझो आणि चिन एकमेकांचे भाऊबंद. मार्च २०२१मध्ये केंद्राने घुसखोरी रोखायचं पत्र धाडलं, तरी मिझोराम सरकारने त्यांना हाकललं नाही. चर्च आणि यंग मिझो असोसिएशन या तिथल्या सामाजिक संघटनेने जेवणाची, निवाऱ्याची सोय केली. आपली वर्गणी तिथे पोचेल. रोहिंग्यांचं नाव घातलं की या शहरात सभेचा हिंदू-मुस्लिम वाद होणार, आणि त्याची झळ तुम्हा-आम्हाला लागणार नाही, तांदळज्याच्या मुस्लिम वस्तीतल्या आपल्या साथींना लागेल.

तांदळजा
मांडवीकरदादा, काळजीबद्दल आभार, पण आमच्या नावाने गप्प बसू नका. झळ कधी आणि किती सोसायची ते आम्हाला विचारा. मला विचाराल तर नाव असलंच पाहिजे. १९८२च्या कायद्याने म्यानमारने रोहिंग्यांना नागरिकत्वाबाहेर ठेवलं. आपणही त्यांना पत्रकाबाहेर ठेवायचं?

वारसियाची सून
माझ्या सासरचं कुटुंब फाळणीनंतर सिंधमधून येऊन वारसियात वसलं, म्हणून मला हा विषय परका नाही. मे २०२१मध्ये केंद्राने पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून आलेल्या बिगरमुस्लिमांचे नागरिकत्वाचे अर्ज हाताळायचे अधिकार काही जिल्ह्यांच्या कलेक्टरना दिले. त्यात आपला बडोदा जिल्हाही होता. ज्यांना कागद मिळतील त्यांचा आनंद मला खराच आहे. पण म्यानमार त्या यादीत नाही, २०१९च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यातही नाही. चिन बहुतेक ख्रिस्ती, तरी तेही बाहेरच! रोहिंग्यांना वगळून चिन लोकांचं काही भलं होईल असं समजू नका.

वकीलबाई
मग मागणी नेमकी करा. भारताने १९५१च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, पण घटनेचं कलम २१, म्हणजे जगण्याचा हक्क, परदेशी माणसालाही लागू आहे. अरुणाचलमधल्या चकमा निर्वासितांच्या खटल्यात १९९६ साली सुप्रीम कोर्टाने तसं म्हटलंय. आपल्या गुजरात हायकोर्टाने तर १९९८मध्ये इराकी निर्वासितांच्या प्रकरणात हेच कलम धरून, जिवाला धोका आहे तिथे परत पाठवू नये हे तत्त्व मानलं. उलट बाजूही सांगते: एप्रिल २०२१मध्ये जम्मूतल्या रोहिंग्यांची परत पाठवणी थांबवायला सुप्रीम कोर्टाने नकार दिला, फक्त कायदेशीर प्रक्रिया पाळा म्हटलं. म्हणजे धोका आज कोणाला जास्त आहे ते दिसतंच. 'कोणालाही बळजबरीने परत पाठवू नका' ही एकच मागणी ठेवा. ती चिन आणि रोहिंग्या दोघांची आहे.

मांडवीकर
मागणी मान्य. पण ती नाव न घेताही करता येते, आणि मी तेच सुचवीन.

नर्मदाकाठ
माझा आक्षेप तसाच आहे. त्याच सभेत मणिपूरचा ठराव येणार असेल आणि महिनाभरात डभोईच्या वसाहतीत बैठक ठरणार असेल, तर पत्रकावर माझं नाव घाला.

रावपुरावासी
ताई, दोन्ही घेऊ. बैठकीची तारीख तुम्ही सांगा, मी येतो. मांडवीकर, नाव गाळायचं तुमचं म्हणणं रविवारी सगळ्यांपुढे मांडा. बहुमताने गाळलं गेलं तर मी सभेला येईन, पण त्या पत्रकावर सही करणार नाही.