मदत हवी आहे: मोआबमध्ये एकच दिवस, सोबत आई-बाबा

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरात पुण्याहून आलेल्या आई-बाबांना घेऊन अमेरिकेतल्या युटामधल्या मोआबला जातोय. हातात एकच पूर्ण दिवस. बाबा सत्तरीतही पर्वती चढतात, आईचा गुडघा मात्र उताराला कुरकुरतो.

पहाटे कॅनियनलँड्स नॅशनल पार्कमध्ये मेसा आर्च या नैसर्गिक दगडी कमानीपाशी सूर्योदय (छोटीशी चाल, पण गर्दी फार म्हणे), मग ग्रँड व्ह्यू पॉइंट. दुपारनंतर आर्चेस नॅशनल पार्कमध्ये बॅलन्स्ड रॉक, विंडोज, डबल आर्च. लँडस्केप आर्च ही कमान एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत 90 मीटरच्या आसपास रुंद आणि वाटही बऱ्यापैकी सोपी, त्यामुळे तीही हवीच.

घोडं अडलंय आर्चेसमधल्याच डेलिकेट आर्चपाशी. जाऊन-येऊन पाचेक किलोमीटर, दीडशे मीटरचा चढ, उघडा कातळ, सावलीचं नाव नाही आणि शेवटी कड्यालगतची अरुंद वाट. सूर्यास्त बघितला तर अंधारात उतरणं आलं. आईला खालच्या व्ह्यू पॉइंटवर बसवून आम्ही दोघांनीच जावं का? तिथून कमान अगदीच चिमुकली दिसते, आणि तिला एकटीला ठेवणं मला पटत नाहीये. उतरताना त्या कातळावर बूट धरतात का? की डेलिकेट सोडून संध्याकाळी सरळ डेड हॉर्स पॉइंट हा कड्यावरचा व्ह्यू पॉइंट गाठावा? आई-वडिलांना घेऊन गेलेल्यांनी प्लीज सांगा.