अनुभव धागा: मॅश टनसाठी तुम्ही कोणता कूलर घेतला?

ओहायोचा_वाईकर

ऑफिसातल्या एका मुलाने आज विचारलं, "घरी बिअर करायला लागतोय, कूलर गोल घेऊ की चौकोनी?" आणि गॅरेजमधले जुने शनिवार सगळे आठवले. त्याला उभ्या उभ्या काहीतरी सांगितलं, पण समाधान झालं नाही. इथे घरी मॅश करणारे, म्हणजे भरडलेलं मॉल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) गरम पाण्यात मुरवणारे, बरेच जण आहेत. मॅश टन म्हणजे त्यासाठीचं भांडं. लिहा आपापले अनुभव.

माझं मत आधी मांडतो. ब्रँड शेवटी बघायचा. पहिला प्रश्न, धान्य किती भिजवणार? ५ गॅलन म्हणजे १९ लिटरच्या साध्या पेल एलला साधारण साडेचार किलो मॉल्ट लागतं. किलोला २.६ लिटर आधण धरा, शिवाय भिजलेलं धान्य स्वतःची जागा घेतं, किलोमागे पाऊण लिटरच्या जरा आत. बेरीज पंधरा लिटरच्या आसपास. ५ गॅलनच्या गोल कूलरमध्ये हे आरामात बसतं. पण जरा कडक स्टाउट करायचा आणि मॉल्ट सात किलोवर गेलं की बेरीज तेवीस लिटर, संपला विषय. म्हणून मी १० गॅलनचा गोल घेतला, खाली फॉल्स बॉटम (धान्य अडवणारी जाळीदार चकती), मूळ प्लास्टिकची तोटी काढून स्टीलचा बॉल व्हॉल्व्ह. अजून तोच वापरतो.

दुसरी गोष्ट झाकण. बऱ्याच कूलरचं झाकण आतून पोकळ असतं, फोम फक्त भिंतींत. उष्णता तिथूनच जाते. वर जुनी गोधडी टाका, फरक लगेच कळतो.

रानमेवा

चौकोनी!! ४८ क्वार्टचा (साधारण ४५ लिटर), पिकनिकचा. आत गीझरच्या पाइपची स्टीलची जाळी, बास. ऑरेगनच्या डेनी कॉनने बॅच स्पार्जची, म्हणजे धान्य धुवायचं पाणी एकदम घालून एकदम निथळवायची, ही पद्धत लोकप्रिय केली आणि आमच्यासारख्यांचे पैसे वाचवले.
पोरीला क्लासला सोडलंय, गाडीतून लिहितेय, बाकी नंतर.

पिंपळपान

जाळीचं नीट सांग ना. मी आणली ती चुंबकाला चिकटत नाही, वाकवली की चुरगळते.

रानमेवा

चुंबकाचं सोड, चांगलं स्टीलही पुष्कळदा चिकटत नाही. बाहेरून चंदेरी दिसणाऱ्या काही जाळ्या प्लास्टिकच्या असतात, गरम पाण्यात मऊ पडतात. एक धागा काढून लायटरवर धर, वितळला तर टाकून दे. खरी असेल तर दोन्ही टोकं काप, आतली रबरी नळी ओढून काढ, एक टोक दुमडून बंद कर, दुसरं क्लॅम्पने तोटीला. झालं.

मेलबर्नची_माऊ

आमच्याकडे कूलरला एस्की म्हणतात. पण इथे बरेच जण एस्की सोडून पिशवीकडे वळले. ब्रू इन अ बॅग इथलंच. मोठ्या पातेल्यात कापडाची पिशवी, त्यात भरडलेलं मॉल्ट, वेळ झाली की पिशवी उचलून निथळत ठेवायची. चक्क्याची पुरचुंडी टांगतो ना, तसंच. लहान घर असेल तर त्या मुलाला हेही सांग.

ओहायोचा_वाईकर

सांगतो. पण साडेचार किलो मॉल्ट पाणी पिऊन किती जड होतं! माझ्या पाठीला नाही झेपणार. कूलरची तोटी उघडली की झालं.

दगडूशेठचा_शेजारी

मिनेसोटा. जानेवारीत गॅरेज उणे पंधरा. इथे कूलर कसला यापेक्षा तो आधी तापवलाय का हे महत्त्वाचं. थंड प्लास्टिक आधणातली उष्णता खातं आणि मॅशचं ६७ अंश ठरवलेलं तापमान ६३ वर येतं. मी उकळतं पाणी थोडं निवू देऊन कूलरमध्ये ओततो, झाकण लावून पंधरा मिनिटं, मग ते काढून खरं आधण. धान्य २० अंशांना आणि मॅश ६७ ला हवा असेल तर आधण साधारण साडेचौऱ्याहत्तर. गॅरेजमध्ये ठेवलेलं धान्य गोठलेलं असतं, ते आदल्या रात्री घरात आणा.

आणि हे दोन-तीन अंश चवीत उतरतात. ६५ ला बिअर कोरडी, हलकी. ६८-६९ ला अंगाने भरलेली, जरा गोडसर. माझ्या मेहुण्याला पहिलीच आवडते, त्यावरून आमचे वाद होतात.

गवतीचहा

उकळतं पाणी थेट नका ओतू. स्वस्त चौकोनी कूलरचं आतलं अस्तर फुगलेलं मी बघितलंय, तळ पोटासारखा वर आला, मग शेवटचं वर्ट (मॉल्टचं गोड पाणी) तोटीकडे येतच नाही. कूलरवर काय लिहिलंय ते वाचा, काही फक्त गार पेयांसाठी असतात.

तोटीच्या दोन्ही बाजूंना सिलिकॉनचे वॉशर लावा. आतून गळलं की पाणी भिंतीतल्या फोममध्ये शिरतं आणि तिथे आंबतं. तो वास जात नाही, कूलर टाकावा लागतो. बाहेरची नळीपण सिलिकॉनची, साधी पारदर्शक नळी गरम वर्टने लोळागोळा होते.

लोणावळा_लोकल

पुण्यात हे करता येईल का हो? खूप दिवस मनात आहे.

ओहायोचा_वाईकर

नको रे भाऊ. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, परवान्याशिवाय घरी दारू गाळणं तर सोड, बिअर करणंही गुन्हा. इथे अमेरिकेतसुद्धा ऑक्टोबर १९७८ मध्ये अध्यक्ष कार्टरने सही केली तेव्हा घरच्या बिअरला केंद्राची मोकळीक मिळाली. मिसिसिपी आणि अलाबामा तर २०१३ पर्यंत अडून होते. दोन सज्ञान माणसांच्या घराला वर्षाला २०० गॅलन, विकायची नाही.

भटक्या_लीड्स

इंग्लंडात १९६३ पर्यंत परवाना लागायचा. आता दुकानात सगळं मिळतं.

लोणावळा_लोकल

ओके, मग डूलाली (ताजी बिअर बनवून देणारा पब) झिंदाबाद. २००९ ला सुरू झालं तेव्हापासून जातोय. धागा मात्र वाचणार.

रानमेवा

आले परत. गोल-चौकोनीचं एकदाचं सांगते, कारण या वादात लोक उगाच अडकतात. तुम्ही वरून सावकाश पाणी सोडत खालून वर्ट काढणार असाल, म्हणजे फ्लाय स्पार्ज, तर गोल घ्या. धान्याचा थर खोल राहतो, पाणी सगळीकडून सारखं उतरतं. चौकोनीत पाणी सोपी वाट शोधतं आणि कोपऱ्यातलं धान्य गोडच राहतं. पण सगळं पाणी एकदम घालून ढवळून एकदम निथळवणार असाल तर आकाराने काही बिघडत नाही. मग जे स्वस्त, ते घ्या.

ओहायोचा_वाईकर

हेच त्या मुलाला फॉरवर्ड केलं. धन्यवाद!

पिंपळपान

गव्हाची बिअर करताना निथळणंच बंद पडतं. कूलर बदलू का?

दगडूशेठचा_शेजारी

कूलर नको बदलू. गव्हाला साल नसते, लगदा होतो. भाताचा तूस घाल. इथे ब्रूइंगच्या दुकानात पिशव्या मिळतात. आमच्या मावळात तूस फुकट पडलेला असायचा, इथे विकत घेताना हात जरा आखडतो.

सई_न्यू_जर्सी

मी बिअर पीत नाही, नवरा करतो. बाबा आले होते तेव्हा मॅशचा वास आला आणि म्हणाले, "अगं, हे तर नाचणीच्या सत्त्वासारखंच!" खरंच की. मोड आणायचे, वाळवायचे, भरडायचे, मग गरम पाण्यात पिष्टाची साखर. कूलरमध्ये दारू नसतेच, नुसतं गोड पाणी. बाबांनी वाटीभर चाखलं आणि मग रोज गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसायचे. आता ते नाहीत. नवरा अजून पहिली वाटी बाजूला काढतो.

रानमेवा

सई, डोळे भरले गं.

गवतीचहा

सई, काका फार गोड असणार.

मेलबर्नची_माऊ

मंडळाच्या पिकनिकला पन्ह्याला जो केशरी कूलर असतो तोच ना हा? आमच्या इथे दोन आहेत, कोणी वापरत नाही.

ओहायोचा_वाईकर

माऊ, माग तो! फक्त आधी वास घे. मासे ठेवलेला नको, तो वास मॉल्टला लागतो. आणि वापरून झाल्यावर झाकण उघडं ठेवून वाळव, नाहीतर बुरशी.

सई_न्यू_जर्सी

धन्यवाद सगळ्यांना. विचारायचं राहिलं, चोथ्याचं काय करता? आमच्याकडे बादलीभर जातो कचऱ्यात, जीव तुटतो.

रानमेवा

थालीपीठ! एक वाटी ओला चोथा, दोन वाट्या भाजणी, कांदा, तिखट, ओवा. चोथ्यात पाणी असतं, म्हणून वरून पाणी हात राखून घाल. सालं दाताखाली येतात, ती नको असतील तर चोथा ओव्हनमध्ये वाळवून मिक्सरवर काढ. उरलेला त्याच दिवशी फ्रीझरमध्ये टाक, उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत आंबतो.

दगडूशेठचा_शेजारी

घरात कुत्रा असेल तर एक सांगतो. उकळताना हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) घालतो, तो गाळ वेगळा ठेवा आणि झाकून टाका. हॉप्स कुत्र्यांना विषारी असतात.