डॉक्टरांच्या चिठ्ठीतला ‘एसओएस’

प्रश्न :
गेल्या आठवड्यात आईच्या गुडघेदुखीवर डॉक्टरांनी दोन गोळ्या लिहून दिल्या. एकीपुढे १-०-१ होतं, ते कळलं. दुसरी पॅरासिटामॉल, तिच्यापुढे नुसतं ‘एसओएस’. आईनं पहिला एस सकाळचा आणि शेवटचा संध्याकाळचा धरला आणि दुखत नसतानाही चार दिवस दोन्ही वेळा गोळी घेतली. मला एसओएस म्हणजे बुडत्या जहाजाची हाक, एवढंच ठाऊक. चिठ्ठीतला एसओएस तोच का?

प्रतिसाद :
नाही. अक्षरं तीच, पण दोघांचं एकमेकांशी काही नातं नाही.

चिठ्ठीतला एसओएस लॅटिन आहे : ‘सी ओपुस सीट’. सी म्हणजे जर, ओपुस म्हणजे गरज, सीट म्हणजे असेल. थोडक्यात, गरज असेल तर. दुखलं तर घ्यायची, नाही दुखलं तर पाकीट तसंच राहू द्यायचं. चिठ्ठीतली बाकीची अक्षरंही त्याच घरची. बीडी म्हणजे ‘बिस डिए’, दिवसातून दोनदा. एचएस म्हणजे ‘होरा सोम्नी’, झोपायच्या वेळी. टीडीएस म्हणजे दिवसातून तीनदा घ्यायचं. पगारातून कापल्या जाणाऱ्या टीडीएसचा इथे संबंध नाही.

जहाजाचा एसओएस तर मुळात कशाचंच लघुरूप नाही. तीन टिंबं, तीन रेघा, तीन टिंबं असा तो मोर्सचा, म्हणजे टिंब-रेघांच्या संदेशलिपीचा ठेका, मध्ये न थांबता सलग वाजवायचा. गोंगाटातही तो चटकन ओळखू येतो. जर्मनीनं तो १९०५ मध्ये आपल्या नियमांत घेतला, १९०६ मध्ये बर्लिनला भरलेल्या बिनतारी संदेशांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत तो सर्वांसाठी ठरला आणि १ जुलै १९०८ पासून लागू झाला. त्याआधी जहाजांवरचे, मार्कोनी या बिनतारी संदेशांच्या कंपनीचे तारवाले मदतीसाठी ‘सीक्यूडी’ वापरत. १९१२ मध्ये टायटॅनिकवरून हे दोन्ही संकेत गेले. ‘सेव्ह अवर सोल्स’ हा अर्थ लोकांनी मागाहून बसवला. आपल्याकडे शाळेतही तोच सांगतात, म्हणून इतका पक्का बसलाय.

यातून उलटी चूकही होते. आमच्या शेजारच्या काकांनी एसओएस वाचून ती गोळी ‘अगदी जिवावर बेतलं तरच’ म्हणून कपाटात ठेवली आणि दोन रात्री दुखणं सोसत बसले. म्हणून मला वाटतं, पेशंटच्या हातात जाणाऱ्या कागदावर हे लॅटिन असूच नये. ओडीचंच बघा. आपल्याकडे बहुतेक चिठ्ठ्यांत तो ‘दिवसातून एकदा’, पण डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ‘ओकुलस डेक्स्टर’, म्हणजे उजवा डोळा. डोळ्यात घालायच्या थेंबांपुढे ओडी लिहिलं असेल तर घरच्यांनी काय समजायचं?

प्रश्नकर्ता :
आभार. मग मराठीत काय लिहावं? ‘आवश्यकतेनुसार’?

प्रतिसाद :
माझं औषधांचं दुकान आहे, म्हणून सांगतो. ‘आवश्यकतेनुसार’ आणि ‘गरजेनुसार’ हे दोन्ही शब्द मी वापरून पाहिले. लोक त्याचा अर्थ ‘हवी तेवढी’ असा घेतात. दुखणं वाढलं की गोळ्याही वाढवतात. पॅरासिटामॉल साधी वाटते, पण जास्त झाली तर लिव्हरला धोका. ‘लागल्यास’ बरा आहे, पण वयस्कर माणसं हमखास विचारतात, “काय लागल्यास?”

त्यामुळे आता मी डॉक्टरांना फोन करून दोन गोष्टी विचारून घेतो : दोन गोळ्यांमध्ये किती तासांचं अंतर आणि दिवसात जास्तीत जास्त किती. मग पाकिटावर पेननं ठळक लिहितो : ‘दुखलं तरच १. पुढची ६ तासांनी. दिवसात ३ च्या वर नाही.’ आकडे ज्याच्या त्याच्या चिठ्ठीप्रमाणे बदलतात. पण ‘तरच’ मधला तो ‘च’ मी कधी गाळत नाही.