मदत हवी आहे: बाभळीसाठी स्कँडी धार की कॉन्व्हेक्स?

सोलापूरजवळ शेतात बसून चमचे, उलथणी कोरतो. चाकू कार्बन स्टीलचा, पातं 3 मिमी जाड, स्कँडी ग्राइंड, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच रुंद सपाट उतार. ओल्या कडुनिंबावर सुरेख चालतो. उतार लाकडावर टेकला की किती खोल जायचं ते हातात राहतं, म्हणून तो मला सोडवत नाही. पण वाळलेल्या बाभळीच्या गाठीपाशी धारेचे बारीक टवके उडतात. 1000 आणि 3000 ग्रिटच्या दगडावर, मग चामड्यावर घासलं. तासाभरात पुन्हा तेच. धारवाल्याच्या चाकावर नेणार नाही, पातं तापलं तर पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरेल. ओली बाभूळ मिळत नाही. स्कँडीच ठेवून धारेवर अगदी बारीक दुसरा उतार द्यावा, की मऊ पॅडवर पॉलिश पेपर ठेवून कॉन्व्हेक्स, म्हणजे बाहेरून किंचित फुगीर, करावी? कॉन्व्हेक्स केली तर कडुनिंबावरचा ताबा कितपत जाईल?