फाइल ३८ एमबीची, डीयू म्हणतं ५१२ बाइट

प्रश्न
वडिलांच्या भजनी मंडळाच्या कॅसेटी डिजिटल करतोय. एकेक बाजू फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवता आवाज साठवणारा फॉरमॅट) साधारण ३८ एमबी. फाइल सर्व्हरवर टाकली की माझी स्क्रिप्ट लगेच डीयू (फाइलने डिस्कवर किती जागा घेतली ते सांगणारी कमांड) बघते; आकडा लहान दिसला तर कॉपी फसली समजून फाइल उडवते. ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल सिस्टमवर दोन वर्षं बिनबोभाट चाललं. गेल्या आठवड्यात सर्व्हरवर झेडएफएस ही दुसरी फाइल सिस्टम घातली आणि पहिल्याच रात्री अकरा फाइली गेल्या. लॅपटॉपवर मूळ प्रती होत्या म्हणून निभावलं. हाताने करून पाहिलं: एलएस (फाइलींची यादी देणारी कमांड) ३८ एमबी, डीयू ५१२ बाइट. चहा टाकून परत आलो तर डीयूही ३८ एमबी! डिस्क गेली का?

उत्तर १
डिस्क ठणठणीत आहे. एलएस फाइलची लांबी सांगतं, डीयू तिने डिस्कवर अडवलेले ब्लॉक, म्हणजे जागेचे तुकडे. झेडएफएस आलेला डेटा मेमरीत गोळा करतं आणि साधारण ५ सेकंदांनी एकगठ्ठा डिस्कवर उतरवतं. कॉम्प्रेस होऊन किती ब्लॉक लागणार हे तेव्हाच ठरतं, आधी आकडा देणार कुठून? ब्लॉक ईएक्सटी४ सुद्धा उशिराच देतं, पण राखून ठेवलेले ब्लॉक स्टॅटच्या (डीयू जिथून आकडा घेतं त्या सिस्टम कॉलच्या) आकड्यात मिळवतं, म्हणून तुम्हाला कधी जाणवलं नाही. ईएक्सटी४ वर नवी फाइल लिहून लगेच फाइलफ्रॅग -व्ही (फाइलचे तुकडे डिस्कवर कुठे आहेत ते दाखवणारी कमांड) चालवा, फ्लॅगच्या रकान्यात ‘डेलॅलॉक’, म्हणजे ‘जागा अजून द्यायची आहे’, दिसेल.

उत्तर २
यात भलेभले फसलेत. २०११ मध्ये कोअरयुटिल्स (लिनक्सच्या मूळ कमांडींचा संच) ८.१० चं सीपी, म्हणजे कॉपीची कमांड, फायमॅप (फाइलचा डेटा डिस्कवर कुठे आहे त्याचा नकाशा) विचारून कॉपी करू लागलं, आणि नुकत्याच लिहिलेल्या, अजून डिस्कवर न उतरलेल्या फाइलींच्या प्रतीत डेटाऐवजी शून्यं यायला लागली. पुढे नकाशा मागण्याआधी सिंक करणं, म्हणजे मेमरीतला डेटा डिस्कवर उतरवणं, सक्तीचं केलं. तुम्ही मात्र एफसिंकवर (एकाच फाइलचं सिंक) विसंबू नका: झेडएफएसवर त्याने डेटा सुरक्षित होतो, डीयूचा आकडा तेवढ्याने बदलेलच असं नाही. आकडाच हवा असेल तर झेडपूल सिंक ही झेडएफएसची कमांड चालवा, ती साठलेलं सगळं लगेच डिस्कवर उतरवते. खरं तर कॉपी तपासायला डीयू वापरूच नये, चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) घ्या.

प्रश्नकर्ता
डीयू काढलं. आता दोन्हीकडचा एसएचए२५६ चेकसम जुळला तरच पुढची फाइल, आणि जुळला नाही तर स्क्रिप्ट थांबते, काही उडवत नाही. अकराही फाइली परत चढवल्या. त्यातल्या एकीत बाबांचा एकट्याचा अभंग आहे, मागे टाळ नाहीत. तो आधी ऐकून घेतला.