टेराफॉर्मची स्टेट एस-थ्रीवर न्यायची आहे, लॉकसाठी डायनॅमोडीबी लागतंच का?

प्रश्न:
टीममधले चौघे आपापल्या लॅपटॉपवरून टेराफॉर्म (कोड लिहून सर्व्हर, डेटाबेस वगैरे उभारायचं साधन) चालवतात. स्टेट फाइल (काय काय उभारलंय याची टेराफॉर्मची नोंद) सध्या कोडसोबत गिटमध्येच (कोडचा इतिहास ठेवणारं साधन) कमिट होते. दोघांनी एकाच वेळी अप्लाय (बदल प्रत्यक्ष लागू करणं) केलं की मर्जमध्ये एकाच्या नोंदी उडतात. स्टेट ॲमेझॉनच्या फाइल साठवणीत, म्हणजे एस-थ्रीवर हलवायची आहे. लॉकसाठी (एका वेळी एकालाच स्टेट बदलू देणं) डायनॅमोडीबी या ॲमेझॉनच्या डेटाबेसमध्ये टेबल करावं लागेल का?

उत्तर १:
नाही. टेराफॉर्म १.१० पासून एस-थ्री बॅकएंडमध्ये (स्टेट कुठे ठेवायची ते सांगणारी सेटिंग) 'यूज_लॉकफाइल = ट्रू' लिहिलं की पुरतं. तेव्हा ते प्रायोगिक होतं, १.११ मध्ये पक्कं झालं आणि डायनॅमोडीबीवालं लॉकिंग डेप्रिकेट (पुढे काढून टाकायचं म्हणून जाहीर) झालं. मात्र चौघांकडेही १.१० किंवा नंतरचीच आवृत्ती हवी. आवृत्तीची सक्ती करणारं 'रिक्वायर्ड_व्हर्जन' लिहूनच ठेवा.

बकेट (एस-थ्रीतला साठवणीचा कप्पा) वेगळ्या कोडने किंवा हाताने बनवा, त्याच स्टेटमध्ये गुंतवू नका. व्हर्जनिंग (जुन्या प्रती जपणं) चालू, पब्लिक ॲक्सेस बंद. मग सगळ्यांचं अप्लाय थांबवून एकानेच बॅकएंड ब्लॉक लिहायचा आणि 'टेराफॉर्म इनिट -मायग्रेट-स्टेट' चालवायचं, म्हणजे जुनी स्टेट नव्या जागी कॉपी होते. इथे घाईत '-रीकॉन्फिगर' देऊ नका. त्याने जुनी स्टेट कॉपी होत नाही, नवी रिकामी राहते आणि पुढचा प्लॅन (काय बदलेल याची यादी) सगळी इन्फ्रा पुन्हा उभारायला निघतो. प्लॅनमध्ये एकही बदल दिसत नाही याची खात्री झाली की स्टेट फाइल गिटमधून काढा. बाकीच्यांनी पुल करून, लॅपटॉपवर जुनी स्टेट उरली असेल तर ती बाजूला ठेवून, मगच इनिट करायचं. नाहीतर इनिट 'कॉपी करू का' विचारतं, आणि सवयीने येस दिलं की शिळी स्टेट ताज्यावर बसते.

आणि हो, गिटच्या इतिहासात गेलेले डेटाबेसचे पासवर्ड बदलाच. 'सेन्सिटिव्ह' ही खूण लावल्याने ते फक्त स्क्रीनवर झाकले जातात. स्टेटमध्ये उघडेच असतात.

उत्तर २:
परवानग्यांचं एक राहिलं. प्लॅनसुद्धा लॉक घेतो. त्यामुळे फक्त प्लॅन चालवणाऱ्या रोललाही (परवानग्यांचा संच) लॉकसाठी बकेटमध्ये बनणाऱ्या '.टीएफलॉक' फाइलवर गेट, पुट आणि डिलीट ऑब्जेक्ट (वाचणं, लिहिणं, पुसणं) लागतं. मूळ स्टेटवर गेट पुरे. हे न दिल्यास ॲक्सेस डिनाइड येतं आणि मग कोणीतरी '-लॉक=फॉल्स' (लॉक न घेता चालवणं) लावून मोकळं होतं. अप्लायला ती सवय लागली की लॉक असून नसल्यासारखाच.

प्रश्नकर्ता:
सीआयचा (कोड आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरचा) जॉब मध्येच मारला गेला तर लॉक अडकून राहील ना?

उत्तर २:
राहू शकतो. एररमध्ये लॉकचा आयडी, कोणी घेतला आणि कधी, हे सगळं येतं. तो जॉब खरंच मेलाय हे पाहूनच 'टेराफॉर्म फोर्स-अनलॉक' आणि तो आयडी. नुसती रांग लागत असेल तर '-लॉक-टाइमआउट=५एम' द्या, पाच मिनिटं वाट पाहील.

उत्तर ३:
लॉकने एकाच वेळचे अप्लाय थांबतात, पण जुना कोड घेऊन नंतर केलेलं अप्लाय थांबत नाही. म्हणून लॅपटॉपवरून अप्लाय बंदच करा. सीआयमध्ये प्लॅन '-आउट'ने फाइलमध्ये साठवा, रिव्ह्यू झाल्यावर तीच फाइल अप्लाय करा. मधे स्टेट बदलली असेल तर टेराफॉर्म प्लॅन शिळा म्हणून नाकारतं. त्या प्लॅन फाइलमध्येही पासवर्ड उघडे असू शकतात, तेव्हा आर्टिफॅक्ट (सीआयने साठवलेली ती फाइल) सगळ्यांना खुला ठेवू नका.