जुन्या गाडीसोबत आधीच्या मालकाचं अ‍ॅपही येतं
गाडी हॅक करणं हे अमेरिकेतल्या तज्ज्ञांचं काम, सोलापुरात कोण कशाला करेल, असं बरेच जण म्हणतात. अर्धं पटतं. २०१५ साली मिलर आणि वॅलासेक या दोन अमेरिकी सायबर सुरक्षा संशोधकांनी हायवेवर चालती जीप चेरोकी दूर बसून बंद पाडली, त्यामागे मोठी मेहनत होती. कंपनीला १४ लाख गाड्यांसाठी रिकॉल काढावा लागला. पण सेकंडहँड गाडीला हॅकर लागतच नाही, आधीचा मालक पुरतो.

मागच्या वर्षी विजापूर रोडवरच्या एका डीलरकडून गाडी घेतली. स्क्रीनवर आधीच्या मालकाचे कॉन्टॅक्ट तसेच होते, 'मम्मी', 'गॅसवाला', आणि नकाशात 'घर' म्हणून जुळे सोलापुरातला पत्ता. मी सगळं पुसलं, वाटलं झालं. महिन्याभराने अक्कलकोटला दर्शनाला गेलो तर त्या गृहस्थांचाच फोन: "अहो, गाडी अजून माझ्या अ‍ॅपवर दिसतेय. मंदिराजवळ लावलीय ना?" माणूस सज्जन, म्हणून सांगितलं तरी. माझी मुलगी रोज संध्याकाळी याच गाडीतून क्लासहून येते, हे आठवून हातपाय गार पडले.

अ‍ॅपला जोडलेल्या अशा गाडीत स्वतःचं ई-सिम (आतच बसवलेलं, इंटरनेट देणारं मोबाइल सिम) असतं आणि मालकाचं खातं चासी नंबरला जोडून कंपनीच्या सर्व्हरवर असतं. आरटीओत आरसी आपल्या नावावर झाली तरी ते आपोआप सुटत नाही, नुसती स्क्रीन रीसेट करूनही नाही. नव्या आरसीची प्रत कस्टमर केअरला पाठवून जुनं खातं काढायला लावलं, त्यात तीन दिवस गेले. डीलरने याबद्दल एक अक्षर सांगितलं नव्हतं.